जप्त झालेली गाडी आणि राजसात झालेली गाडी

प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी. वडिलांच्या नावावर बोलेरो पिकअप आहे, इंदूरच्या चोइथराम मंडीतून भाजीच्या फेऱ्या मारते. दोन वर्षांपासून एकच ड्रायव्हर. चावीही त्याच्याकडेच, कारण गाडी पहाटे तीनला मंडीत लागते आणि रात्री त्याच्याच खोलीसमोर उभी असते. गेल्या आठवड्यात तो धार रोडवर पकडला गेला. रिकाम्या क्रेटच्या खाली इंग्रजी दारूच्या ९ पेट्या, सगळे पाव, म्हणजे पावबाटल्या. ड्रायव्हर आत आहे, वडिलांना अजून आरोपी केलेलं नाही. कर्जाचे २२ हप्ते बाकी आहेत. थान्यात, म्हणजे पोलिस ठाण्यात, सांगितलं, ‘गाडी विसरून जा.’ ओळखीतला एक जण म्हणतो, पैसे द्या, दोन दिवसांत काढून देतो. प्रश्न असा, की गाडी गेली का?

अजून गेलेली नाही. पण ‘गाडी कधी सुटेल’ एवढंच विचारून चालणार नाही. इथे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. खटला चालेपर्यंत गाडी कोणाच्या अंगणात उभी राहणार, हा एक. शेवटी ती कोणाच्या मालकीची राहणार, हा दुसरा. पहिला जप्तीचा, दुसरा राजसातचा. मराठीत आपण ‘सरकारजमा’ म्हणू, पण इंदूरच्या फायलींवर ‘राजसात’ असंच लिहिलेलं असतं, म्हणून तोच शब्द ठेवतो. मी गेली तेवीस वर्षं इथल्या जिल्हा कोर्टात हीच कामं करतो आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त लोक पहिल्या प्रश्नामागे धावताना दुसरा हरून बसतात. गाडी सुपुर्दगीवर, म्हणजे बाँड देऊन तात्पुरत्या ताब्यात, घरी आणतात, पेढे वाटतात, आणि चार महिन्यांनी कलेक्टर कचेरीतून राजसातचा आदेश येतो.

आता तुमच्या ९ पेट्या मोजू. पाव १८० मिलिलिटरचा, पेटीत ४८. म्हणजे एक पेटी ८.६४ लिटर, ९ पेट्या ७७.७६ लिटर. हा हिशेब लावायचं कारण असं, की मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ मध्ये ५० बल्क लिटर (म्हणजे दारूचं प्रत्यक्ष माप) ही लक्ष्मणरेषा आहे. पाच पेट्या असत्या तर ४३.२० लिटर झाले असते. सहावी पेटी चढली की ५१.८४. त्या एका पेटीने सगळं बदलतं. ५० लिटरच्या आत असेल तर गाडीचं काय करायचं ते खटला चालवणारं कोर्ट ठरवतं. त्यावर गेलं की ड्रायव्हरला कलम ३४(२) लागतं, किमान एक वर्षाची कैद आणि किमान २५ हजार दंड, जामीनही अवघड होतो. आणि गाडीची फाईल कलम ४७-ए खाली कलेक्टरकडे जाते. म्हणून जप्ती पंचनाम्याची नकल हातात आली की पहिल्यांदा पेट्या, बाटल्या आणि एका बाटलीचं माप या तीन आकड्यांचा गुणाकार स्वतः करून बघा. बेरजेत चूक असलेले पंचनामे मी पाहिले आहेत. तुमच्या बाबतीत मात्र ७७ आणि ५० यांत एवढं अंतर आहे की त्यावर फार आशा ठेवू नका.

कलेक्टरकडे फाईल गेली म्हणजे काय होतं? कलेक्टरने आधी त्या मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं की मी राजसातची कार्यवाही सुरू केली आहे. मग ज्याच्याकडून गाडी पकडली त्याला आणि गाडीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला लेखी नोटिस द्यायची, म्हणणं मांडायची संधी द्यायची, सुनावणी घ्यायची आणि त्यानंतरच आदेश. यातली एखादी पायरी गाळली असेल तर वरच्या अपिलात तोच आपला सर्वांत मजबूत मुद्दा असतो. पण ती पहिली सूचना मॅजिस्ट्रेटकडे पोचली की कलम ४७-डी लागू होतं आणि गाडीच्या ताब्याबद्दल त्या कोर्टाचे हात बांधले जातात. पोचेपर्यंत ते मोकळे असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली (जुन्या वकिलांच्या तोंडी अजून जुन्या संहितेची ४५१ आणि ४५७ च आहेत) सुपुर्दगीचा अर्ज तेवढ्या काळात चालतो.

थोडक्यात, ही शर्यत आहे. आणि ती मी एकदा हरलो आहे. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका टेम्पोवाल्याला मी म्हटलं होतं, चार्जशीट येऊ द्या, मग निवांत अर्ज लावू. चार्जशीट आली, अर्ज लावला, आणि पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, बाबूने फाईलमधला कलेक्टर कचेरीचा कागद वर काढून दाखवला. तीन दिवस आधी पोचला होता. अर्ज तिथेच संपला. टेम्पोवाला काही बोलला नाही, नुसता माझ्या मुंशीकडे बघत राहिला. तेव्हापासून सुपुर्दगीचा अर्ज मी पहिल्या आठवड्यातच लावतो, मग त्याला दोन कागद कमी जोडलेले असले तरी चालेल. तुमचा आठवडा संपला आहे. उद्याच कोर्टात फाईल बघायला लावा. सूचना पोचली असेल तरी दार बंद होत नाही. कार्यवाही चालू असताना गाडीच्या ताब्याबद्दल अंतरिम आदेश कलेक्टरही देऊ शकतात, अर्ज मग तिथे करायचा. मिळेलच असं सांगत नाही. अधिकाऱ्यावर आणि त्या वर्षीच्या वातावरणावर बरंच अवलंबून असतं. इंदूरहून धार, झाबुआ, दाहोद करत गुजरातेत उतरणारा रस्ता म्हणजे दारूबंदीच्या राज्यात जाणारा रस्ता. त्यामुळे त्या रोडवर पकडलेली प्रत्येक पिकअप आधी ‘तस्करीची’ समजली जाते, भाजीची नंतर. तुमची गाडी सीमेवरच्या पिटोलच्या पुढे गुजरातेत पकडली गेली नाही हे बरंच झालं. तिथल्या नशाबंदी कायद्यातच लिहिलेलं आहे की दारू ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर अंतिम निकालापर्यंत वाहन जामिनावर सोडायचं नाही.

इथे एक खुलासा, कारण हे वाचणाऱ्यांत इतर प्रकरणांतलेही लोक असतील. मी वर सांगितलं ते दारूचं. गाडीत काय सापडलं यावर कायदा बदलतो आणि कायद्याबरोबर टेबल बदलतं. लाकूड किंवा वनोपज असेल तर फाईल वनखात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे जाते, आणि तिथे कोर्टाला फारशी जागा उरत नाही. चंबळ अभयारण्यातल्या रेतीच्या ट्रॅक्टरचं उदय सिंह प्रकरण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं. हायकोर्टाने ट्रॅक्टर सोडला होता, सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. वन्यजीव कायद्यात उलट आहे. मधुकर राव प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं की खटला चालू असताना गाडी तात्पुरती सोडण्याचा मॅजिस्ट्रेटचा अधिकार शाबूत आहे. दोन्ही प्रकरणं आपल्याच मध्य प्रदेशची. शेजारच्या माणसाची गाडी सुटली म्हणून आपलीही सुटेल, हे म्हणूनच चालत नाही. त्याच्या गाडीत काय होतं ते आधी विचारा.

मंदसौर-नीमच पट्ट्यातला डोडाचुरा (अफूच्या बोंडांचा भुसा) किंवा अफू सापडली असती तर मी तुम्हाला यापेक्षा बराच रुक्ष सूर लावला असता. तिथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. गाडी तात्पुरती सोडायला त्यात सरसकट बंदी नाही, हे बिश्वजित डे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण त्याच निकालात चार प्रकार वेगळे केले आहेत. माल मालकाकडे सापडला, मालकाने ठेवलेल्या ड्रायव्हर-क्लीनरकडे सापडला, गाडी चोरीची होती, किंवा मालकाचा संबंध नसलेल्या तिसऱ्याच प्रवाशाकडे सापडला. शेवटच्या दोन प्रकारांत गाडी साधारणपणे सुटावी, पहिल्या दोनांत अवघड. आणि तुमचा ड्रायव्हर दुसऱ्या प्रकारात बसला असता. दारूच्या प्रकरणात हा निकाल थेट लागत नाही, पण समोरच्याच्या डोक्यात हाच विचार असतो: ड्रायव्हर तुमचाच आहे ना?

आता मूळ मुद्द्याला येतो. कलेक्टरसमोर वडिलांनी ‘मला काही माहीत नव्हतं’ एवढंच सांगितलं तर ते पुरणार नाही. प्रत्येक मालक तेच सांगतो, खरा असो की खोटा. मालकाचा बचाव दोन पायांवर उभा राहतो. माहिती किंवा मिलीभगत नव्हती हा एक पाय, आणि असं काही होऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेतली होती हा दुसरा. हे दाखवायचं ओझं मालकावर असतं, सरकारवर नाही. पहिल्या पायाबद्दल लोक पानं भरून लिहितात. दुसऱ्याबद्दल विचारलं की गप्प होतात.

तुमच्या हकीकतीतली कच्ची जागा नेमकी तिथे आहे. चावी ड्रायव्हरकडे, गाडी रात्रभर त्याच्या दारात. सुनावणीत पहिला प्रश्न हाच येईल. याला उत्तर आहे, आणि ते खरंही आहे: भाजीचा धंदा पहाटे तीनला सुरू होतो, मालकाने रोज रात्री चावी काढून घेणं व्यवहारात जमत नाही. पण हे सांगून थांबायचं नाही, आसपासचे पुरावे गोळा करायचे. मंडीतल्या आडत्याच्या पावत्या, म्हणजे गाडी दोन वर्षं खरोखर भाजीच वाहत होती हे दिसेल. ड्रायव्हरला पगार खात्यात दिला असेल तर पासबुक. ठेवताना लायसन्सची कॉपी, आधार घेतलं होतं का, पोलिस व्हेरिफिकेशन केलं होतं का. डिझेलची बिलं आणि किलोमीटरची वही असेल तर ती सोन्यासारखी. जीपीएस असेल तर त्या रात्रीचा आणि आधीच्या दोन महिन्यांचा मार्ग काढून घ्या, कंपन्या जुना डेटा फार काळ ठेवत नाहीत. त्या रात्रीचे फोन, मेसेज पुसू नका. वडिलांनी सकाळी ‘गाडी मंडीत का नाही’ म्हणून ड्रायव्हरला आठ वेळा फोन लावला असेल, तर तो कॉल रेकॉर्ड शपथपत्राच्या दहा पानांना भारी पडतो.

माझ्या एका पक्षकाराची आयशर अशीच वाचली. त्याच्या मोबाइलवर जीपीएसचा अलर्ट आला होता, गाडी ठरलेल्या रस्त्यावरून वळली म्हणून. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी त्याने ड्रायव्हरला मेसेज टाकला, ‘कहाँ जा रहा है, वापस आ.’ उत्तर नाही. मग फोन, तोही बंद. कलेक्टरने तरीही राजसात केली, अपिलातही हरलो. पण सेशन कोर्टात रिव्हिजनला (फेरतपासणीच्या अर्जावर) न्यायाधीशांनी तो स्क्रीनशॉट दोनदा वाचला आणि विचारलं, मालकाने आणखी काय करायला हवं होतं? गाडी सुटली. अपील आणि रिव्हिजन दोन्हींची मुदत ३० दिवसांची असते हे ध्यानात ठेवा. आदेशाची नकल मिळायलाच दहा-बारा दिवस जातात, त्यामुळे नकलेचा अर्ज आदेशाच्याच दिवशी टाकायचा.

पुरावा नसेल तर बनवू नका. हे मुद्दाम लिहितो, कारण कोणीतरी तुम्हाला सल्ला देणारच की ड्रायव्हरला गाडी भाड्याने दिल्याचा मागच्या तारखेचा करार करून टाका. आता स्टँप ई-स्टँप आहे, छापला त्याची तारीख आणि वेळ त्याच्यावरच असते. असा एक कागद लागला की बाकीचे दहा खरे कागदही खोटे वाटू लागतात, आणि आज साक्षीदार असलेले वडील उद्या आरोपी होतात. दोन दिवसांत काढून देणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दलही तेच. जप्तीची व्हिडिओ रेकॉर्डिंग आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली बंधनकारक आहे, पेट्या नऊच्या पाच होणार नाहीत. पैसे मात्र जातील, आणि त्याची पावती नसते.

ड्रायव्हर सुटला तर गाडी आपोआप सुटते का, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचाराल. आपोआप नाही. राजसातची कार्यवाही खटल्यापासून स्वतंत्र चालू शकते, असं सुप्रीम कोर्टाने कल्लोबाई प्रकरणात २०१७ मध्ये म्हटलं आहे. ते वनोपजाचं होतं. दुसऱ्या बाजूला अब्दुल वहाब प्रकरण, मार्च २०२२. आगर माळव्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने गोवंश कायद्याखाली ट्रक राजसात केला होता, आरोपी निर्दोष सुटले तरी आदेश कायम ठेवला. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि सांगितलं की आरोपी सुटल्यावरही ट्रक काढून घेणं म्हणजे मालमत्तेच्या घटनात्मक हक्कावर मनमानी. दोन्ही निकाल वेगळ्या कायद्यांवरचे आहेत. दारूच्या प्रकरणात आम्ही दुसरा वाचतो, सरकार पहिला वाचतं. कोणता चालेल हे त्या फाईलवर ठरतं. साक्षीदार फितूर झाले म्हणून आरोपी सुटला, की दारूच सिद्ध झाली नाही म्हणून, याने मोठा फरक पडतो.

आता थान्याच्या मागच्या अंगणाबद्दल दोन शब्द. तुम्ही गाडी बघायला गेला होतात का? नसाल तर आज जा. मी अशा अंगणांत बराच वेळ घालवला आहे. पहिल्या महिन्यात बॅटरी उतरते, दुसऱ्यात ती नसतेच. स्टेपनी, जॅक, टेप जातो. पावसाळ्यानंतर टायर मातीत बसतात. एका मारुती व्हॅनच्या बॉनेटच्या फटीतून पिंपळाचं हातभर रोप आलेलं मी पाहिलं आहे, त्या व्हॅनच्या मालकाचा खटला तेव्हा साक्षीपर्यंतही आला नव्हता. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलं आहे की वाहनं थान्यात सडत ठेवू नयेत, फोटो काढा, सविस्तर पंचनामा करा, बाँड घ्या आणि सोडा. नव्या संहितेत तर मालाचं वर्णन १४ दिवसांत तयार करायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा, असं कलम ४९७ मध्ये आलं आहे. अर्जात हे दोन्ही लिहा. गाडीचे चारही बाजूंनी, मीटरचा, इंजिन आणि चेसिस नंबरचा, बॅटरी आणि स्टेपनीचा फोटो काढून तारखेसह जोडा. थानेवाले फोटो काढू देत नसतील तर वकिलामार्फत कोर्टाकडून परवानगी घ्या. सुपुर्दगी मिळाली तर अटी असतील: गाडी विकायची नाही, रंग किंवा रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची, अमुक रकमेचा बाँड. रूप बदलायचं नाही म्हणजे मागची जाळीसुद्धा वेल्डिंग करून वाढवायची नाही. एकाने वाढवली होती, सुपुर्दगी रद्द होता होता वाचली.

कर्जाबद्दल. हप्ते थांबत नाहीत, जप्ती हे कारण फायनान्सवाला ऐकत नाही. पण त्याला लेखी कळवा, कारण आरसीवर त्याचा बोजा आहे, म्हणजे गाडीत त्याचाही हितसंबंध आहे, आणि तोही कलेक्टरसमोर उभा राहू शकतो. कधी कधी त्याचा वकील आपल्यापेक्षा जोरात भांडतो. विमा चालू ठेवा, सुपुर्दगीच्या वेळी कोर्ट तो मागतंच. गाडी कधी कोणाकडून नुसत्या नोटरीच्या कागदावर घेतली असेल आणि आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर असेल तर ती वेगळीच डोकेदुखी आहे. तुमची वडिलांच्या नावावर आहे, ते ठीक.

फक्त एक गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत ओझरती आली आहे, ती मला सगळ्यात जास्त खटकली. तुम्ही लिहिता, आता सुदामानगरला राहतो, गाडी घेतली तेव्हा स्नेहलतागंजात भाड्याने होतो. म्हणजे आरसीवर पत्ता जुना. कलेक्टरची नोटिस आरसीच्या पत्त्यावर जाते. तिथे कोणी नसलं तर दारावर चिकटवतात, पंचांच्या सह्या घेतात, आणि तामिली झाली, म्हणजे नोटिस बजावली गेली, असं धरून एकतर्फी आदेश होतो. मालकाला कळतं तेव्हा गाडीच्या लिलावाची तारीख लागलेली असते. आज संध्याकाळी वडिलांना घेऊन स्नेहलतागंजात जा, जुन्या घरमालकाला भेटा, दार आणि पत्रपेटी दोन्ही बघा. मग उद्या सकाळी कलेक्टर कचेरीच्या आबकारी शाखेत नव्या पत्त्याचा अर्ज देऊन त्याच्या कॉपीवर शिक्का घ्या. नोटिस आलेली असेल तर तिच्यावर वर उजव्या कोपऱ्यात प्रकरण क्रमांक आणि खाली पेशीची तारीख असते. दोन्ही घेऊन वकिलाकडे जा.